पुढे पाठवलेल्या पेशंटचं काय झालं?

वाचकाचं पत्र (थोडं कापून)

मॅडम, मी चौतीस वर्षांचा एमबीबीएस डॉक्टर. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, आणि गेल्या वर्षीपासून अधीक्षकपदाचा चार्जही माझ्याकडे आलाय. इथे कुणाचं कामात मन नाही. सिस्टर ओव्हर घ्यायला (पाळी बदलताना आधीच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घ्यायला) उशिरा येतात, डॉक्टर दुपारी ओपीडी संपली की गाडी काढतात, जरा अवघड केस आली की जिल्ह्याला रेफर. मी बायोमेट्रिक बसवलं, कॅमेरे लावले, सात जणांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. मग वाटलं, नुसता धाक कामाचा नाही, म्हणून 'या महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' असा फोटो दर्शनी भिंतीवर लावायला लागलो. त्यावरून दोन सिस्टर आता एकमेकींशी बोलत नाहीत. पगार सरकारी, नोकरी पक्की, तरी असं का? हेच लोक खासगीत दुप्पट राबले असते. सरकारी दवाखान्यातल्या माणसांना प्रेरणा द्यायची कशी? तुम्ही मेट्रन होतात म्हणून विचारतोय. खरं सांगायचं तर हल्ली सकाळी उठून दवाखान्यात जावंसं मलाही वाटत नाही.

– एक प्रभारी अधीक्षक

उत्तर

डॉक्टर,

हात 'सर' लिहायलाच निघाला होता. तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत काढली की अधीक्षक दिसल्यावर खुर्चीतून उठायची सवय हाडात भिनते. पण तुम्ही माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे आणि मी आता पेन्शनर, तेव्हा डॉक्टरच म्हणते.

तुमचं पत्र सहा पानी, हाताने लिहिलेलं. साडेपाच पानं बाकीच्यांबद्दल आहेत आणि स्वतःबद्दल एकच ओळ, तीही सहीच्या वर कशीबशी बसवलेली. त्या ओळीकडे मी येणार आहे. पण त्याआधी एक काम करा. भिंतीवरचा तो 'उत्कृष्ट कर्मचारी' खाली उतरवा. आजच.

का ते सांगते. रात्रीचे अडीच. बाई बाळंत झालीय, बाळ रडत नाही. सिस्टरने बाळ पुसून कोरडं केलं, पाठ चोळली, हाताने श्वास द्यायची अंबू बॅग लावली. मावशींनी संपलेलं सिलिंडर बाजूला सारून भरलेलं ओढत आणलं, एकटीने. डॉक्टर क्वार्टरमधून चपला न घालता धावत आले. १०८ रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गाडी चालू ठेवून दारात उभा. बाळ वाचलं. आता फोटो कुणाचा लावणार? सिस्टरचा लावलात तर मावशी पुढच्या वेळी सिलिंडर आणतीलच, पण थोडं सावकाश आणतील, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वॉर्डातलं काम एकट्याचं कधीच नसतं. तुम्ही ते एकट्याचं करून दाखवलंत आणि दोन बायकांचं बोलणं बंद पाडलंत.

आता मुद्द्याचं. 'प्रेरणा द्यायची कशी' असं तुम्ही विचारता. त्यातलं 'द्यायची' मला खटकलं. लोहाच्या गोळ्या आहेत का त्या, रांग लावून वाटायला? तुमच्या दवाखान्यातला प्रत्येक माणूस काही ना काही घेऊनच आत आलाय. ते काय होतं आणि कुठे गळून गेलं, एवढंच शोधायचंय.

उगाच सोवळेपणा नको म्हणून माझंच सांगते. मी नर्सिंगला आले ती सेवाभावाने नव्हे. वडील गेले होते, घरात आम्ही चार भावंडं, आणि ट्रेनिंगला स्टायपेंड मिळायचा, शिवाय वसतिगृहात दोन वेळचं जेवण. आमच्या बॅचच्या बहुतेकींचं असंच होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शपथ दिवा हातात धरून घेतली, पण डोक्यात मेसचं बिल होतं.

मग नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. रुग्णालय कुठलं ते जाऊ द्या. खाटेवर दोन, खाटेखाली दोन. सहा महिन्यांचं एक बाळ आणलं: डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी. सलाइन लावायचं तर शीर सापडेना. चार जणांनी टोचून पाहिलं. मी सगळ्यांत नवी, कोपऱ्यात ट्रे धरून उभी. इन्चार्ज सिस्टर वैतागून म्हणाल्या, "तू बघ." कानाच्या वर, केसांच्या कडेला एक बारीक निळी रेघ मला दिसली, सुई आत गेली, रक्त मागे आलं. बस. पहाटे पाचला त्या बाळाला लघवी झाली, चादर ओली झाली. मूल जगणार याची ती चादर म्हणजे बातमी होती. बाळाची आई आणि मी, दोघी त्या ओल्या चादरीकडे बघून वेड्यासारख्या हसत होतो. ओव्हर देताना इन्चार्ज सिस्टर माझ्याबद्दल एवढंच बोलल्या, "हिला शीर सापडते." पुढे वर्षभर कुठल्याही वॉर्डात शीर सापडली नाही की मला बोलावणं यायचं. जेवण अर्धं टाकून जायचे मी. मला कुणी तसा हुकूम दिला नव्हता, त्याचा भत्ताही नव्हता.

माणूस येतो एका कारणासाठी आणि टिकतो दुसऱ्याच. येण्याचं कारण पगार, पेन्शन, नवऱ्याची बदली, काहीही असो. त्याच्यावर नाक मुरडू नका. टिकण्याचं कारण बहुतेक वेळा या ओल्या चादरीसारखं असतं. आपल्या हाताने काहीतरी झालं, ते आपल्याला दिसलं, आणि ज्याला कळतं अशा माणसाने ते पाहिलं.

आता तुमचं ग्रामीण रुग्णालय बघा. जरा अवघड पेशंट आला की पुढे पाठवला. ते तुम्ही कामचुकारपणा म्हणून लिहिलंय, असेलही थोडा. पण मला त्यात दुसरं काही दिसतं. तुमच्या लोकांना ओली चादर दिसतच नाही. सर्दी-खोकला येतो नि जातो. जीवावरची केस येते, तिला अर्धा तास सगळे मिळून धरतात, मग गाडीत घालून पाठवतात आणि दार बंद. पुढे काय झालं? कुणाला माहीत.

तुमच्याकडे रेफर रजिस्टर असेल. काढा आणि शेवटचा रकाना बघा. कुठे 'परिणाम' छापलेलं असतं, कुठे नुसतं 'शेरा'. मी आयुष्यभरात पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या रजिस्टरांत तो रकाना कोरा होता. नाव, गाव, वेळ, कारण, गाडीचा नंबर, सगळं भरलेलं, आणि शेवटी कोरी पट्टी, पानामागून पान. तो रकाना भरायला लागा.

गुरुवार धरा, किंवा तुमच्याकडचा बाजाराचा दिवस सोडून कुठलाही. ज्या सिस्टरने किंवा डॉक्टरने पेशंट पाठवला, त्यानेच जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात फोन करायचा. तिथून पत्ता लागला नाही तर त्या गावच्या आशाताईला विचारायचं. तिला सगळं माहीत असतं, अगदी बारशाला काय नाव ठेवलं तेसुद्धा. मग ओव्हरच्या वेळी दोन मिनिटं ते सगळ्यांसमोर वाचायचं. "मंगळवारी झटके येत होते म्हणून पाठवलेली बाई: मॅग्नेशियमचं पहिलं इंजेक्शन इथेच देऊन पाठवल्यामुळे निभावलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मुलगी झालीय, पावणेदोन किलो, एसएनसीयूमध्ये (नवजात बाळांच्या विशेष कक्षात) आहे." हे ऐकताना इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरकडे बघा. तुम्हाला तिचा फोटो भिंतीवर लावावा लागणार नाही.

वाईट बातम्याही येतील. पोचेपर्यंत पेशंट गेला, असं कळेल. पाठवायला उशीर केला, असंही कळेल. आणि 'अडलीय' म्हणून पाठवलेली बाई तिथे तासाभरात आपोआप मोकळी झाली, हे तर फार वेळा कळेल. दोन-तीनदा असं झालं की तुमच्या लोकांना स्वतःलाच वाटेल, अरे, ही तर आपणच केली असती. रेफर कमी होतील ते त्यातून. नोटिशीने होणार नाहीत, कारण नोटिशीची भीती असलेला माणूस आधी पेशंट पुढे ढकलतो. आपल्या दारात काही होऊ नये म्हणून. म्हणून एक अट: त्या रकान्यावरून एकही नोटीस काढायची नाही. एक जरी निघाली तरी रकाना पुन्हा कोरा, आणि या वेळी कायमचा.

ही माझ्या मनची समजूत वाटत असेल तर एक उदाहरण देते. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात संशोधकांनी हात धुण्याच्या जागी दोन प्रकारच्या पाट्या लावल्या. एकीवर होतं, हात धुतल्याने तुम्हाला आजार होत नाहीत. दुसरीवर, हात धुतल्याने पेशंटला आजार होत नाहीत. फरक एका शब्दाचा. पेशंटच्या पाटीखालचा साबण जास्त संपला. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टर आणि नर्स स्वतःच्या जिवाबाबत बिनधास्त असतात (आम्हाला काही होत नाही, हा आमचा जुना रोग), पण पेशंटचं नाव काढलं की हात नळाखाली जातो.

पगाराबद्दल. पगाराने काम होत नाही असं म्हणणाऱ्या लोकांवर माझा विश्वास नाही. ते बहुधा जास्त पगाराचे असतात. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली एक मांडणी केली, ती मला अधिसेविका (मेट्रन) झाल्यावरच्या प्रशिक्षणात शिकवली होती. त्याने इंजिनियर आणि हिशेबनीसांना विचारलं होतं, नर्सला कुणी विचारलं नव्हतं, तरी मला ती पटली. त्याचं म्हणणं असं की नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि कामाला लावणाऱ्या वेगळ्या. पगार थकला, क्वार्टर गळतंय, साहेब खेकसतो, तर माणूस चिडतो. पण पगार वेळेवर झाला म्हणून तो रात्री तीनला पळत येत नाही. पळत येतो तो कामासाठी, आपल्यावर टाकलेल्या भरवशासाठी. चिडलेला माणूस मात्र पळायच्या आधी विचार करतो. म्हणून दोन्हीकडे बघावं लागतं, आणि तुमच्याकडे पहिल्या बाजूचंच बरंच तुंबलंय असा मला वास येतोय.

'नोकरी पक्की' असं लिहिलंत तुम्ही. सगळ्यांची? तुमच्या सिस्टरपैकी एनएचएमच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी, किती? सातव्या वेतन आयोगात नियमित अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, रजा, सगळं. तिच्याच शेजारी उभी राहून तेच इंजेक्शन देणारी कंत्राटी सिस्टर त्याहून बऱ्याच कमी मानधनावर असते आणि करार संपत आला की तिच्या पोटात गोळा येतो. तिला कायम करणं तुमच्या हातात नाही. पण तिच्या मानधनाचं बिल वेळेत वर जातं की नाही, तिला रजा मागताना 'तुम्ही काय, कंत्राटी' असं कारकून ऐकवतो की नाही, ड्युटी चार्टमध्ये सगळ्या नाइट तिच्याच वाट्याला येतात की नाही, हे तुमच्या हातात आहे.

आता रात्रीचा हिशेब. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयासाठी पाच पेशंटमागे एक नर्स असं आहे. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे की रात्री एकच सिस्टर असते. तीस खाटा, वर लेबर रूम. तिने बाळंतपण बघायचं की वॉर्डातल्या म्हाताऱ्याची धाप? १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, फार चांगलं झालं. त्यानंतर तुमची ओपीडी वाढली, असंही तुम्हीच लिहिलंय. सिस्टर किती वाढल्या ते लिहिलेलं नाही. रिक्त पदांचा पाठपुरावा करा, प्रतिनियुक्तीवर इतरत्र बसवलेली तुमची माणसं परत मागा. मिळतीलच असं नाही. पण साहेबांनी पत्र पाठवलं, त्याची प्रत नर्सिंग स्टेशनवर चिकटवली, याला किंमत असते.

ओव्हरला उशीर होतो तो कुणाला आणि का, हे एकदा बसून विचारलंत? मी असताना एक सिस्टर रोज पंचवीस मिनिटं उशिरा यायची. दोनदा लेखी खुलासा घेतला. तिसऱ्यांदा चहा पाजून विचारलं तेव्हा कळलं, एसटीची वेळ बदलली होती आणि आधीची गाडी पहाटे साडेपाचची. तिची आणि दुसऱ्या एकीची पाळी आम्ही अदलाबदल केली, संपलं. खुलाशांचे ते दोन कागद तिच्या फाइलला तसेच राहिले, याची मला आजही लाज वाटते.

ड्युटी चार्ट महिनाभर आधी लावा आणि नंतर त्याला हात लावू नका. याबाबत माझाही गुन्हा आहे. ऐनवेळी एकीची नाइट फिरवली, दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचा साखरपुडा. ती आली, काम चोख केलं, आणि पुढची दोन वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलली.

डॉक्टरांचं थोडं निराळं आहे. सिस्टर कामाच्या ओझ्याने थकते. डॉक्टर बरेचदा हातातलं कसब वापरायला न मिळाल्याने कुजतो. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला अशा ठिकाणी टाकायचं की जिथे भूलतज्ज्ञ नाही, रक्त साठवायची सोय नाही, आणि मग विचारायचं की सिझेरियन का करत नाही. ऑपरेशन थिएटरच्या कुलपाला गंज आणि माणसाच्या हातालाही. दोन वाजता गाडी काढणाऱ्यांत असा कुणी आहे का बघा. असेल तर आठवड्यातला एक दिवस ठरवून भूलतज्ज्ञ ऑन कॉल बोलवा, साध्या, ठरवून करायच्या ऑपरेशनांपासून सुरुवात करा. ऑपरेशनच्या दिवशी सर्जन लवकर जात नाही. ऑपरेशन झालेला पेशंट बघायला संध्याकाळी न सांगता येतो.

आणि काही जण खरंच कामचुकार असतात. प्रत्येक दवाखान्यात दोन-तीन. खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता घ्यायचा आणि दुपारी स्वतःच्या गावी दवाखाना उघडायचा, हा प्रेरणेचा प्रश्न नव्हे. तिथे पुरावा गोळा करा, कागद वर पाठवा, मागे हटू नका. सगळ्यांना माहीत असतं ते कोण. त्यांना तुम्ही हात लावत नाही आणि त्यांच्यापायी उरलेल्या सगळ्यांवर कॅमेरे लावता, हे बघून चांगल्या माणसाचंही मन उठतं.

बायोमेट्रिक असू द्या, वरून तसा आदेश असतो. पण त्यात अंगठा दिसतो, माणूस नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा ड्युटीवरच्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना आतल्या खोलीत हलवून दारं लावून घेतली. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्षही दिली. त्या रात्रीची नोंद कुठल्या मशीनमध्ये झाली असती?

आम्हाला देवी करू नका, हेही सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या, मे महिन्यात विमानांनी रुग्णालयांवर फुलं टाकली. तेव्हा मी नोकरीतच होते. टीव्हीवर बघताना पहिला विचार आला तो हा, की आता ही फुलं झाडणार कोण? त्याच आठवड्यात आमच्या एका सिस्टरला घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती.

अरुणा शानबाग यांची गोष्ट सगळे सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. केईएम रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर तिच्याच रुग्णालयात हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली साडेएक्केचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. शेवटी शेवटी तिची काळजी घेणाऱ्या कित्येक मुली त्या हल्ल्याच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या. एका पिढीने दुसरीला ओव्हर दिला, दुसरीने तिसरीला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की तिच्या वतीने बोलण्याचा हक्क या रुग्णालयातल्या माणसांचाच. सेवेची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो, आणि तिचा आरंभ मात्र विसरतो. कामाच्या जागी ती सुरक्षित नव्हती. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलीने हे दोन्ही एकदमच ऐकलं होतं.

म्हणून रात्रीचा प्रश्न. दारूच्या नशेतले नातेवाईक वॉर्डात शिरले तर तुमच्याकडे काय होतं? आरोग्य सेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, त्याचा फलकही तुमच्या दारात असेल. फलक बघून कुणी थांबत नाही. आमचे एक अधीक्षक होते, बोलायला फटकळ, रजा द्यायला कंजूष. एका रात्री अपघातातला पेशंट दगावला आणि पन्नासेक माणसं सिस्टरच्या टेबलापर्यंत आली. साहेब क्वार्टरमधून बनियन-लुंगीवर आले आणि तिच्या आणि जमावाच्या मध्ये उभे राहिले. ओरडले नाहीत. "मी इथला मोठा, काय विचारायचं ते मला विचारा," एवढंच. पोलिस यायला चाळीस मिनिटं लागली, ते हलले नाहीत. त्यानंतर त्या माणसाने सलग पंधरा नाइट करायला सांगितल्या असत्या तरी आम्ही केल्या असत्या.

याच्या उलटही असतं. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं. चौकशी व्हायलाच हवी अशी गोष्ट. झालं काय, तर एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावलं. तो व्हिडिओ राज्यातल्या प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर पाहिला गेला असेल. औषध कमी पडलं की माणूस भांडून आणतो. अशा अपमानानंतर तो भांडायचंच सोडून देतो. तुमच्या सात नोटिसा काही तशा नाहीत. पण त्यातली एक तरी इतरांसमोर हातात दिली होती का, आठवून बघा.

आता ती शेवटची ओळ.

सकाळी उठून जावंसं वाटत नाही. तुमच्या पत्रातून तुमचा दिवस मी मोजला. व्हीसी (व्हिडिओवरची बैठक), तीन पोर्टल, बिलं, औषधांचं मागणीपत्र, आमदारांच्या माणसाचा फोन, पुन्हा व्हीसी. सहा पानांत पेशंट हा शब्द आहे, पण पेशंट एकही नाही. शेवटचा पेशंट स्वतःच्या हाताने कधी तपासलात? चार्ज मिळाल्यापासून ओपीडी बंद केली असणार; सगळेच करतात. रोज सकाळी आठच्या ओव्हरला वॉर्डात जाऊन उभे राहा, खुर्ची न मागवता, आणि मग दोन तास ओपीडीत बसा. पोर्टल वाट बघेल.

पान चारवर तुम्ही पाच ओळी लिहून खोडल्या आहेत. जाड रेघ मारलीत, पण बॉलपेनने, आणि मी तेहतीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलंय. बॉन्डचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष म्हणून तुम्ही आदिवासी भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला होतात. पावसाळ्यात मण्यार चावलेला नऊ वर्षांचा मुलगा आणला होता, पापण्या मिटत चाललेल्या, श्वास मंद होत चाललेला. नाल्याला पूर होता, गाडी पुढे जाईना. प्रतिविष दिलंत आणि तुम्ही आणि एक एएनएम (परिचारिका) ताई रात्रभर आळीपाळीने अंबू दाबत बसलात. सकाळी दहा वाजता त्याने डोळे उघडून पाणी मागितलं. बॉन्ड संपल्यावर तुम्ही घरी गेला नाहीत. पत्रात ते 'असो' म्हणून खोडलंत.

असो कशाला? तुमच्या लोकांपैकी प्रत्येकाकडे अशा पाच खोडलेल्या ओळी आहेत. त्या दोन न बोलणाऱ्या सिस्टरकडेसुद्धा. सिलिंडर ओढणाऱ्या मावशींकडे तर जास्तच असतील, त्यांना कधी कुणी विचारलेलं नाही. तुम्ही आधी तुमच्या सांगा, ओव्हरच्या वेळी, उभ्याउभ्याच.

तो मुलगा आता सोळा-सतराचा झाला असेल. त्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये गावाचं नाव आहे, आणि त्या गावात आशाताई आहे. पहिला फोन तिथे लावा.

ता. क. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून लेबर रूमच्या भिंतीवरच्या घड्याळाचे सेल बदलता येतात. ते बंद आहे, हे तुमच्याच पत्रात पान दोनवर आहे, उशिरा येणाऱ्या सिस्टर 'घड्याळ बंद होतं' ही सबब सांगतात म्हणून. जन्माची वेळ त्या मोबाइलवर बघून लिहीत असतील, ग्लोव्हज काढून.